रिकामी टाकी वर ओढते

माघ सरत आला की आमच्या धारूरच्या डोंगराखालचा तलाव उतरायला लागतो. आधी काठाला नुसती ओली पट्टी दिसते. मग ती रुंदावते, वाळते, तडकते आणि त्या तडकलेल्या गाळात लोक टरबुजाच्या बिया टोचायला येतात. बघणाऱ्याला हे दिवस बरे वाटतील. ऊन अजून अंगावर येत नाही, उतारावरचे पळस फुलायच्या बेतात असतात, मेंढरं नव्यानं उघड्या पडलेल्या काठावर पसरतात. काल मी बांधावरून गाडी घेऊन आले तेव्हा वारा तलावाकडून होता. गाळाचा तो वास नाकात शिरला आणि हँडलवरचे माझे दोन्ही तळहात घामेजले. इतकी वर्षं झाली, तरी हे दर वर्षी होतं.

कुजलेलं शेवाळ, मेलेल्या शिंपल्या आणि कुठंतरी लोखंडाचा गंज, असा तो वास. पाण्याखाली तो येत नाही. पाण्याखाली तोंडातल्या रबराचा वास येतो आणि टाकीतल्या कोरड्या हवेची चव लागते.

आमचं धारूरच्या बाजारात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान आहे. अब्बा तरुणपणी समुद्राकाठी एका ठेकेदाराकडं होते; जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले-शेवाळ खरवडून काढायचं ते काम. तिथून ते दोन गोष्टी घेऊन गावी आले. एक म्हणजे कायमचे बिघडलेले कान, आणि दुसरी म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या तीन जुन्या पोलादी टाक्या, त्या भरायच्या छोट्या कॉम्प्रेसरसकट. ठेकेदाराचं काम बंद पडलं तेव्हा त्यानं पगाराच्या बदल्यात देऊन टाकलेला माल. बीड जिल्ह्यात समुद्र कुठला, पण विहिरी आहेत, आणि विहिरीत पाणबुड्या मोटारी पडतात, दोर तुटतात, पाइपाच्या तळाचे फूटव्हॉल्व्ह गाळात रुततात. अब्बा उतरायचे आणि काढून द्यायचे. कान पार गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं पाण्यात उतरणं बंद केलं. मग माझा मोठा भाऊ इक्बाल उतरू लागला आणि मी वर दोर धरू लागले.

त्या तीन टाक्यांना आमच्या घरात नावं होती. काळी, बुटकी आणि पिवळी. सगळ्या पोलादाच्याच, पण पाण्यात तिघींचे स्वभाव वेगळे. हे आम्हाला अब्बांनी घरामागच्या हौदात शिकवलं. टाकीच्या मानेवर ठोकून काढलेले आकडे असतात, कोरडं वजन किती, आत पाणी किती मावेल, किती दाबापर्यंत भरायची. आमच्या टाक्यांवरचे निम्मे आकडे रंगाच्या थरांखाली आणि गंजात गेलेले. म्हणून अब्बा भंगारवाल्याच्या हुकाच्या काट्याला टाकी टांगायचे आणि हौदात सोडून काटा वाचायचे. एकदा भरलेली, एकदा रिकामी.

"हवेला वजन असतं का, अब्बा?" मी हातानं खुणा करत विचारलं होतं. लहान होते तेव्हा.

"बघ ना स्वतः," ते म्हणाले आणि काटा माझ्या डोळ्यांसमोर धरला. घरात आम्ही दखनी बोलतो. इथं ती वाक्यं मराठीत आणली आहेत.

हवेला वजन होतं. भरलेल्या टाकीत दोन-अडीच किलो नुसती हवा असते. श्वास घेत गेलं की तेवढं वजन पाण्यात बुडबुडे होऊन निघून जातं, आणि माणूस खाली उतरताना असतो त्यापेक्षा वर येताना हलका असतो. बुटकीला याचा काही फरक पडत नसे. ती पंधरा लिटरची, ठेंगणी आणि जाड. रिकामी झाली तरी हौदाच्या तळाला पाट्यासारखी पडून राहायची. काळी बारा लिटरची, लांबट, आणि शेवटी शेवटी जेमतेम बुडायची. पिवळी सर्वांत जुनी. कुठल्या परदेशी बोटीवरून उतरलेली, अकरा लिटरची, अंगानं बारीक. भरलेली असली की निमूट बुडायची. हवा संपत आली की तळ सोडायची आणि रिकामी झाली की सरळ वर येऊन तरंगायची. म्हणून प्रत्येक टाकीबरोबर कमरेला किती शिसं बांधायचं याचं गणित वेगळं. ते शिसंही घरचंच, जुन्या बॅटऱ्या वितळवून वाळूत ओतलेल्या पट्ट्या.

अब्बा आम्हा दोघांना आळीपाळीनं हौदात बसवायचे, डोळ्यांवर फडकं बांधून. पाठीवर पिवळी. बसून नुसता श्वास घ्यायचा आणि ती हलकी व्हायला लागली असं वाटलं की हात वर करायचा. इक्बालभाई कंटाळायचा. "यात काय कळायचंय? रिझर्व्हची दांडी आहे की," म्हणायचा.

ती दांडी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आताच्या टाक्यांबरोबर हवेचा काटा येतो, किती उरली ते दिसतं. आमच्याकडं काटा नव्हता. पिवळीच्या मानेपाशी एक छोटी दांडी होती. ती वर असली की टाकी थोडी हवा मागं राखून ठेवायची. श्वास जड झाला की दांडी खाली ओढायची, राखलेली हवा सुटायची आणि तेवढ्यात बाहेर यायचं. दांडी आधीच खाली असेल तर मात्र श्वास जड होत नाही. हवा सुरळीत येत राहते आणि मग येत नाही.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला होता आणि तलाव पौषातच उतरू लागला. काठाच्या गावाला पाणी तलावातून जायचं. बांधालगत एक खोल पक्की विहीर आहे, तिला सगळे जॅकवेल म्हणतात. तलावातलं पाणी तळाजवळच्या सिमेंटच्या पाइपानं तिच्यात येतं आणि वरचे पंप ते गावाच्या टाकीत चढवतात. माघात एक दिवस पंप नुसतेच घुरघुरू लागले. जॅकवेलमध्ये पाणी येईना. तलावात पाणी होतं आणि गावात हंडे रिकामे.

धोंडीरामकाका दुकानात आले. ते तिथले पंप चालवायचे. जातीनं धनगर, त्यांची मेंढरं अजून भाऊ वळायचा. डोक्याला कायम मळका पटका, हातात पंपघराच्या किल्ल्या.

"पाइपात जाळं गेलंय बगा," ते म्हणाले. "मासेवाल्याचं. तोंडाला जी जाळी व्हती ती गंजून फाटली. चार दिस झाले, गावात थेंब न्हाई. दोन लग्नं हायेत. लोक मला रस्त्यात धरून इचारतेत, कावून पाणी सोडत न्हाईस म्हणून."

"उद्या येतो," भाई म्हणाला.

त्याच आठवड्यात काळी गेली होती. टाक्या ठरावीक वर्षांनी तपासायला पाठवाव्या लागतात. पाण्याच्या दाबाखाली पोलाद किती ताणलं जातं ते बघतात. काळी आतून गंजलेली निघाली. तिथल्या माणसानं तिच्या अंगाला भोक पाडून परत पाठवली, पुन्हा कुणी भरू नये म्हणून. भाईच्या पाठीला सवय काळीची. आता राहिल्या बुटकी आणि पिवळी.

जॅकवेलचा पाइप आतून दोन फूट रुंद. त्यात खाली वीतभर गाळ साचलेला. उरलेल्या जागेत माणूस पोटावर झोपून, पाठीवर टाकी घेऊन सरकणार. तिथं दोन बोटांचासुद्धा हिशेब लागतो. बुटकी पिवळीपेक्षा दोन बोटं जाड होती.

रात्रीच्या जेवणानंतर अब्बा आणि भाई यांच्यात त्यावरून बोलणं झालं. अब्बांशी बोलायचं म्हणजे हात आणि ओठ दोन्ही हलवावे लागायचे, त्यामुळं आमच्या घरातली भांडणं आवाज न होता व्हायची.

"बुटकी घे," अब्बा म्हणाले. "ती वर ओढत नाही."

भाईनं हातांनी पाइपाचा गोल केला आणि मूठ त्यात अडकवून दाखवली. "बसणार नाही. अडकलो तर?"

"मग पिवळीबरोबर शिशाच्या दोन पट्ट्या जास्त बांध. शेवटी लागतील."

"सुरुवातीला त्याच मला गाळात रुतवतील. गाळ उठला की हात दिसणार नाही."

दोघांचंही खरं होतं. मी ताटं उचलत होते आणि मला कुणी विचारत नव्हतं. अब्बांनी शेवटी एक बोट दाखवलं. एक पट्टी तरी जास्त. भाईनं मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी ते मला कळलं नाही.

आजही मी कामाला निघण्याआधी पट्ट्या जमिनीवर मांडते आणि दोनदा उचलून बघते. शिशाचा थंडपणा वेगळा असतो. हातातून जाता जात नाही.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बांधावर बरीच माणसं होती. बाया रिकामे हंडे घेऊनच आलेल्या, जणू पाणी तिथंच मिळणार. धोंडीरामकाकांनी आदल्या संध्याकाळपासून पंप बंद ठेवले होते. तसं अब्बांनी सांगितलं होतं. विहिरीतलं आणि तलावातलं पाणी एका पातळीला यायला हवं, नाहीतर जाळं निघताच तलावाचं पाणी आत धाव घेतं आणि पाइपातल्या माणसाला सोबत नेतं. अब्बांनी भिंतीवर खडूची रेघ मारली, तलावाकडं जाऊन आले, पुन्हा रेघ बघितली. मग धोंडीरामकाकांकडून स्टार्टरचे तिन्ही फ्यूज काढून घेतले आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकले. खिशावर हात ठेवूनच ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले.

भाई शिडीनं उतरला. पाठीवर पिवळी, कमरेला शिशाचा पट्टा, हातात सुरी. मी पट्टा बघितला आणि मोजला. जास्तीची पट्टी नव्हती.

"भाई."

"गाळ आहे, नसीम," तो म्हणाला. "मी लवकर येतो."

मी अब्बांकडं बघितलं. ते खडूच्या रेघेकडं बघत होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावून पट्ट्याकडं बोट दाखवलं, पण तोवर भाईनं तोंडात नळी घेतली होती आणि पाणी त्याच्या डोक्यावरून मिटलं.

दोर माझ्या हातांत होता. त्याचं दुसरं टोक भाईच्या कमरेला. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे ओढ. तीन झटक्यांशिवाय ओढायचं नाही, काहीही झालं तरी नाही, हे अब्बांनी आमच्या मनावर हौदापासून बिंबवलेलं. जाळ्यात अडकलेल्या माणसाला ओढलं तर जाळं आवळतं आणि तोंडातली नळी निघते.

विहिरीत वाकून बघितलं की खाली हिरवा काळोख. त्यातून बुडबुडे वर यायचे, फुटायचे. भाई पाइपात शिरला तसे ते एकदम न येता पाइपाच्या वरच्या अंगानं ओघळत बाहेर पडायचे आणि विहिरीच्या एका कडेला झुंबड करून फुटायचे. मी त्याचा श्वास बघत होते असं म्हटलं तर चूक नाही. एक श्वास, मग शांतता, मग पुढचा. माझाही श्वास त्याच चालीवर पडत होता.

थोड्या वेळानं सामानाच्या वेगळ्या दोरीला बांधलेलं जाळ्याचं पहिलं भेंडोळं काकांनी वर ओढलं. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, कुणाची तरी चप्पल. बायांमध्ये कुजबुज झाली. धोंडीरामकाका हसले. "निगालं, निगालं," ते म्हणाले. मग दुसरं भेंडोळं. मग बराच वेळ काही नाही, पण बुडबुडे येत होते, थोडे घाईघाईनं. एक झटका आला. ठीक. मी एक झटका परत दिला.

आणि मग बुडबुडे थांबले.

आधी वाटलं, श्वास लांबवला असेल. पाण्याचा पृष्ठभाग सपाट झाला. त्यात मला आकाश दिसलं, पंपघराच्या पत्र्याची कड दिसली आणि माझं डोकं. दोर ताणलेला होता, त्यावर काहीच कळत नव्हतं. अब्बा उभे राहिले.

"ओढ की, पोरी," धोंडीरामकाका म्हणाले. "ओढ. मरंल त्यो."

त्यांनी दोराला हात घातला. ते ताकदीचे गडी होते. मी दोर छातीशी धरला आणि अंगानं त्यांच्या आडवी झाले.

"काका, हात काढा."

"आगं, पण बुडबुडं..."

"हात काढा म्हणते ना. तीन झटके आल्याबिगर ओढायचं न्हाई."

काकांनी अब्बांकडं बघितलं. अब्बांनी तळहात पुढं करून थांबायची खूण केली. मागं कुणी बाई देवाचं नाव घेत होती, तेवढाच आवाज. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. मी चुकत असेन तर भाई माझ्या हातात मरतोय.

मग दोर ढिला झाला.

एकदम सैल पडला नाही, हळूहळू माझ्याकडं यायला लागला. म्हणजे भाई मागं सरकत होता. मी हातावर हात टाकून ढील गोळा करत गेले, ओढायचं नाही, नुसतं त्याच्या मागं मागं जायचं. हाताला त्याची हालचाल कळत होती. थांबला. पुन्हा सरकला. मग विहिरीच्या मधोमध बारीक बुडबुड्यांची एक सलग माळ आली आणि तिच्या मागोमाग भाईचं डोकं. पाठीवर टाकी नव्हती. तोंडात नळी नव्हती. तो इतक्या जोरानं हवा आत घेत होता की बांधावरच्या लोकांनाही ऐकू गेलं.

त्याला वर घेतलं तेव्हा तो उलट्या करत होता. नाकातून रक्त. अब्बांनी त्याला कुशीवर झोपवलं आणि पाठ चोळत राहिले. बऱ्याच वेळानं तो बोलू लागला आणि मी ते अब्बांसाठी हातांनी सांगत गेले.

पाइपात शिरताना पिवळीची दांडी सिमेंटच्या कडेवर घासली आणि खाली गेली. त्याला कळलं नाही. राखलेली हवाही आपोआप खर्च होत राहिली. जाळं कापत असताना त्याला वाटलं, पाठ वर उचलली जातेय. आधी पट्टा सैल झाला असं वाटलं. मग टाकी पाइपाच्या छताला टेकली आणि तिची मान वरून लोंबणाऱ्या जाळ्यात गुंतली.

"हलकी झाली तेव्हा कळलं," भाई म्हणाला. "श्वास तर नीट येत होता. पण ही हलकी का झाली? हात मागं नेला तर दांडी खालीच."

म्हणजे उरले होते फक्त काही श्वास. त्यातला एक त्यानं पुरता आत घेतला, बकलं सोडली, टाकी तिथंच छताला टेकलेली सोडली आणि पोटावर उलटा सरकत बाहेर आला. पाइपाबाहेर आल्यावर शिशाचा पट्टा सोडून दिला आणि हवा सोडत सोडत वर.

हे सांगून झाल्यावर अब्बांनी त्याचे ओले कपडे उतरवले आणि त्याला काकांच्या घोंगडीत गुंडाळलं. जास्तीच्या पट्टीचा विषय त्यांनी काढला नाही. मी त्या दिवशी आणि नंतरही त्यावर पुष्कळ विचार केला आहे. शिसं जास्त असतं तर टाकी छताला टेकली नसती, जाळ्यात गुंतली नसती हे खरं. पण मग तिचं हलकं होणं त्याला इतकं स्पष्ट कळलं असतं का? कामाला निघताना या विचाराचा उपयोग होत नाही, म्हणून मी तो घरी परतल्यावर करते.

पिवळी आत अडकून होती. तिच्याभोवती उरलेलं जाळं. आता पंप सुरू करताच येणार नव्हते, सगळं गुंतून आत ओढलं गेलं असतं. माणसं हळूहळू जवळ आली. कुणी काही मागत नव्हतं, पण हंडे तिथंच होते. धोंडीरामकाका पटका सोडून तोंड पुसत होते.

"उद्याचं उद्या बगू," ते म्हणाले. "पोरगं वाचलं, लई झालं."

अब्बांनी सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला आणि दुसरं बटण काढलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, आता खाली गेलात तर तोल जाईल, वर कुठं आणि खाली कुठं ते कळणार नाही. ते आम्हा तिघांनाही पाठ होतं. मी पुन्हा हात धरला आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं.

"नक्को," अब्बा मोठ्यानं म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, बांधभर गेला.

"मी बारीक आहे," मी हातांनी सांगितलं. "बुटकी घेते. पाठीवर नाही घेत."

ते थांबले. मी जमिनीवर बसून दाखवलं. बुटकी पाठीवर असली तर पाइपात मावत नाही. पण ती पाठीवर कशाला हवी? ती जड आहे, वर येत नाही, गाळात पडून राहते. तिला आडवी करायची, बूड पुढं, मान माझ्याकडं, आणि ढकलत न्यायची. मी जाईन तिथं ती माझ्यापुढं तळाला पडून असेल.

अब्बांनी वितीनं टाकीची जाडी मोजली, मग माझ्या खांद्यांची रुंदी. मग भाईकडं बघितलं. भाई अजून कुशीवर होता. त्यानं डोळे मिटून मान हलवली. या वेळी ती होकारार्थी होती.

पंपघरात जाऊन मी भाईचे कपडे घातले. ओले, थंड, गाळाचे. सुरीऐवजी धोंडीरामकाकांचा विळा घेतला. जाळं कापायला बाकदार पातं बरं. तो मनगटाला बांधला. दोर अब्बांनी धरला. मी पाण्यात उतरले, गार पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा मी शिडीची पायरी पुन्हा एकदा धरली. विहिरीतून मोटार काढायला मी दोन-तीनदा उतरले होते, पण पाइपात कधी नाही.

खाली उजेड लवकर संपतो. पाइपाचं तोंड मी हातानं शोधलं. बुटकी आत ढकलली. ती गाळात बसली आणि तशीच राहिली. मी तिच्या मागं. छत डोक्याला लागत होतं. गाळ उठला आणि डोळ्यांचा उपयोग संपला. उरले हात आणि कान. माझ्याच श्वासाचा घरघराट, एवढंच ऐकू येत होतं. ढकल, थांब, श्वास घे. ढकल, थांब. मध्ये एकदा वाटलं की मागं पाइपच नाही, मागं भिंत आहे. मी थांबले. एक झटका दिला. लगेच एक झटका आला. अब्बांचा हात. मी पुन्हा ढकललं.

मग माझ्या डोक्यावर काहीतरी ठणकन वाजलं. पिवळी. छताला चिकटलेली, रिकामी. मी तिच्या अंगावरून हात फिरवत मानेपर्यंत गेले. जाळ्याचे पीळ दांडीभोवती घट्ट बसले होते. विळ्यानं एकेक कापताना बोटांनी आधी चाचपायचं, मग पातं लावायचं, कारण माझी हवेची नळीही तिथंच होती. किती वेळ लागला ते माहीत नाही. शेवटचा पीळ सुटला तेव्हा पिवळी हातात आली, पाण्यात सोडलेल्या रिकाम्या घागरीइतकी हलकी. जाळ्याचं भेंडोळं कमरेच्या दोराला बांधलं, पिवळी बगलेत धरली, बुटकीचा गळा पकडला आणि उलटी सरकत निघाले. बाहेर पडताना पायाला विहिरीचं मोकळं पाणी लागलं तेव्हा मी तीन झटके दिले.

वर आले तर बायांनी मला धरून कट्ट्यावर घेतलं. एकीनं आपला पदर माझ्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा केस पुसू लागली, ओळख ना पाळख. अब्बांनी खिशातून फ्यूज काढून धोंडीरामकाकांच्या हातात दिले. पंप लागले. पहिलं पाणी गढूळ आलं, मग निवळत गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं हंडे उचलून गावाकडं चालू लागली, कारण आता पाणी तिकडं येणार होतं.

इक्बालभाई त्यानंतर पाण्यात उतरला नाही. तो आता कॉम्प्रेसर बघतो आणि दोर धरतो. त्याच्याइतका चांगला दोर कुणी धरत नाही. मी खाली असताना तो कुणाशी एक शब्द बोलत नाही, फोन घेत नाही. आता आमच्याकडं काट्याचं नवं सामान आहे, हवा किती उरली ते मनगटाजवळ दिसतं. तरी खाली असताना मी पाठ काय सांगते तिकडं लक्ष ठेवते.

त्या दिवशी घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. अम्मीनं चहा केला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण माझे ओले केस आणि भाईच्या नाकाखालचं रक्त बघून तिनं कोरडा टॉवेल आणि गरम पाणी आणून ठेवलं. मी दुकानाच्या पायरीवर बसले होते. अब्बा आतून शिशाचा दुसरा पट्टा घेऊन आले, भाईचा तर विहिरीच्या तळाला राहिला होता. मला उभं राहायला सांगितलं. पट्टा माझ्या कमरेभोवती धरला. बकल शेवटच्या भोकात अडकवलं तरी तो ढगळच होता, घसरत होता.

अब्बांनी दातांत धरलेला खडू काढून चामड्यावर खूण केली आणि भाईला पट्ट्याचं टोक लाकडी ठोकळ्यावर दाबून धरायला सांगितलं. मग चांभाराची आरी ठेवून हातोडी मारली. एक भोक पाडलं, थोडं अंतर सोडून दुसरं. पट्टा पुन्हा माझ्या कमरेला लावून बघितला, बोट आत घालून किती घट्ट बसतो ते तपासलं. मी हात वर करून उभी होते.

"श्वास घे," अब्बा म्हणाले. "पूर्ण घे."

मी घेतला. त्यांनी बकल लावलं.